स्वस्त आयातीमुळे कारखाना बंद पडायला आलाय? आयात शुल्काबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआयडीसीतली एखादी कंपनी आजारी पडली की गेटवरच्या चहाच्या टपरीपासून आमदारांच्या ऑफिसपर्यंत एकच मागणी ऐकू येते: "चीनच्या मालावर ड्युटी लावा." मागणी चुकीची असतेच असं नाही. पण ड्युटी कोण लावतं, कशी लावतं, किती दिवस लावतं आणि लावल्यावर आपल्याच शेजारच्या शेडमध्ये काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. कामगार, युनियनचे कार्यकर्ते, लहान कारखानदार आणि पुरवठादार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आयात मालावर आधीच २७ टक्के ड्युटी आहे म्हणतात. मग तो स्वस्त कसा पडतो?

हा २७ चा आकडा फसवा आहे. आधी हिशेब बघा. बंदरात उतरलेल्या मालाची किंमत १०० रुपये धरा. त्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे ७.५० रुपये. या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ७५ पैसे. झाले १०८.२५. आता या रकमेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, तो साधारण १९.४९ रुपये. सगळं मिळून २७.७४ रुपये.

पण आयजीएसटीचं क्रेडिट आयातदाराला परत मिळतं, आणि देशी मालावरही तेवढाच जीएसटी असतो. त्यामुळे देशी कारखान्याला खरं संरक्षण मिळतं ते फक्त सव्वाआठ रुपयांचं. माल मुक्त व्यापार करार असलेल्या देशातून आला तर तेही बऱ्याचदा शून्यावर येतं. दक्षिण कोरियाशी आपला करार २०१० पासून आहे, आसियान देशांशीही २०१० पासून, जपानशी २०११ पासून, संयुक्त अरब अमिरातीशी मे २०२२ पासून. तेव्हा "ड्युटी किती?" या प्रश्नाला "कुठून आलेल्या मालावर?" हा उलट प्रश्न विचारावाच लागतो.

मग सरकार सरळ ५० टक्के सीमाशुल्क का लावत नाही?

काही वेळा लावतं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. अगरबत्तीच्या बांबूच्या काड्यांवर जून २०२० मध्ये १० वरून २५ टक्के नेलं. पण प्रत्येक वस्तूवर असं करता येत नाही. जागतिक व्यापार संघटनेत आपण बऱ्याच वस्तूंसाठी कमाल दराची मर्यादा लिहून दिली आहे. तिच्यावर गेलं की तक्रार होते आणि बऱ्याचदा आपण हरतो. मोबाइल फोनवर लावलेल्या २० टक्के शुल्काविरुद्ध युरोपीय संघ, जपान आणि तैवान तक्रार घेऊन गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या पॅनेलने भारताच्या विरोधात अहवाल दिला.

दुसरी अडचण अशी की प्रत्येक वस्तूला सीमाशुल्कासाठी एक कोड असतो, आणि शुल्क त्या कोडखाली येणाऱ्या सगळ्याच मालावर बसतं. तुमच्या कारखान्याचा त्रास एका देशातल्या चार उत्पादकांमुळे असेल, तर सगळ्या जगाच्या मालावर शुल्क लावून हकनाक भलत्यांनाच महाग पडतं. त्यासाठीच वेगळी हत्यारं आहेत.

अँटी-डम्पिंग आणि सेफगार्ड यांत फरक काय?

अँटी-डम्पिंग ड्युटी ठरावीक देशावर आणि त्यातही ठरावीक उत्पादकावर लागते. तो उत्पादक आपल्या देशात ज्या भावाने विकतो त्यापेक्षा स्वस्तात भारतात विकतोय, आणि त्यामुळे इथल्या उद्योगाला इजा होतेय, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि पहिलीचा दुसरीशी संबंधही. सर्वसाधारणपणे पाच वर्षं लागते, पुढे फेरतपासणी करून वाढवता येते. परदेशी सरकारच्या अनुदानामुळे माल स्वस्त असेल तर तिसरा प्रकार आहे, प्रतिअनुदान शुल्काचा. तपास साधारण तसाच, फक्त पुरावे गोळा करणं आणखी कठीण.

सेफगार्डमध्ये कुणी अन्याय केला हे दाखवायची गरज नसते. आयात अचानक आणि प्रचंड वाढली, त्याने गंभीर इजा झाली, एवढं पुरे. पण ती सगळ्या देशांवर लागते, वर्षागणिक कमी होत जाते, आणि अर्ज करणाऱ्या उद्योगाला सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो: या मुदतीत आम्ही काय काय करू आणि स्पर्धेला कसे उभे राहू. सोलर सेलवर जुलै २०१८ पासून अशी ड्युटी होती: पहिल्या वर्षी २५ टक्के, पुढचे सहा महिने २०, त्यानंतरचे सहा महिने १५. पोलादाच्या पत्र्यावर एप्रिल २०२५ मध्ये २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरती लागली आणि पुढे ती तीन वर्षांची झाली: १२, मग साडेअकरा, मग अकरा.

अर्ज कोण करू शकतं? आमची कंपनी एकटी करू शकते का?

करू शकते, पण अट आहे. त्या वस्तूच्या देशातल्या एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के अर्जदारांकडे असलं पाहिजे, आणि मत नोंदवणाऱ्या उत्पादकांमध्ये पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त असलं पाहिजे. देशात तीनच कारखाने असतील तर हे सोपं. इचलकरंजीच्या यंत्रमागासारखा धंदा असेल, हजारो लहान मालक, कुणाच्या वह्या धड नाहीत, तर फार अवघड. अशा विखुरलेल्या उद्योगांसाठी सवलतीची पद्धत आहे, पण तिथेही संघटना आणि नमुन्यादाखल काही कारखान्यांची पक्की आकडेवारी लागतेच.

एक मुद्दा लोक लपवतात, म्हणून मुद्दाम लिहितो. अर्ज करणारी कंपनी स्वतःच तो माल आयात करत असेल किंवा परदेशी निर्यातदाराशी तिचा मालकीसंबंध असेल, तर तिला 'देशी उद्योग' म्हणून धरायचं की नाही याचीच आधी तपासणी होते. आणि हे प्रकार कमी नाहीत. प्लांट निम्म्या क्षमतेवर चालवायचा, उरलेल्या ऑर्डरी परदेशी माल आणून भागवायच्या, वरून आपलं लेबल लावायचं. कामगार म्हणतो आयातीने मारलं, आणि बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमच्या आयातीच्या कागदावर, नाव मालकाचंच असतं! युनियनने ड्युटीच्या मागणीवर सही करण्याआधी हा प्रश्न व्यवस्थापनाला तोंडावर विचारावा.

अर्ज कुठे करायचा? जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन दिलंय.

निवेदन द्या, पेपरात फोटो येईल. पण या कामाचं ऑफिस दिल्लीत आहे: वाणिज्य मंत्रालयाखालचं व्यापार उपाय महासंचालनालय, बोलताना सगळे डीजीटीआर म्हणतात. मे २०१८ मध्ये ते सध्याच्या रूपात आलं. त्याआधी अँटी-डम्पिंग आणि सेफगार्ड वेगवेगळ्या ऑफिसांत होतं. लहान उद्योगांसाठी तिथे मदतकक्षही आहे.

ते तपास करतात आणि शिफारस करतात. शेवटचा निर्णय वित्त मंत्रालयाचा. शिफारशीनंतर तीन महिन्यांत अधिसूचना निघाली नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. २०२० नंतर बऱ्याच शिफारशी अशा मागे पडल्या, काही कंपन्या त्याविरुद्ध सेस्टॅट या अपील न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयांतही गेल्या. वित्त मंत्रालयाला ड्युटी नको असते याचं कारण उघड आहे: तो माल कच्चा माल म्हणून वापरणारे दहा उद्योग दुसऱ्या दाराने आत येऊन बसलेले असतात.

किती वेळ लागतो?

तपास सुरू झाल्यापासून नियमाने एक वर्ष, वाढवून दीड. त्याआधी आकडे जमवून अर्ज तयार करायला कित्येक महिने. पुढे अधिसूचनेचे तीन महिने. तात्पुरती ड्युटी तपास सुरू झाल्यावर ६० दिवसांनंतर लावता येते, पण ती मिळेलच असं धरून चालू नका. तीन महिन्यांचा पगार थकलाय, बँकेने खातं एनपीए (थकीत कर्ज) केलंय, अशा अवस्थेतल्या कारखान्याला हा रस्ता वेळेत पोचवत नाही. आयात वाढायला लागली त्या वर्षी अर्ज करायचा असतो. लोक करतात तो कारखाना व्हेंटिलेटरवर गेल्यावर.

'इजा' म्हणजे नक्की काय मोजतात?

विक्री, उत्पादन, बाजारातला वाटा, भाव, नफा, क्षमतेचा वापर, साठा, रोख रक्कम, रोजगार आणि वेतन हे सगळं बघतात. रोजगार यादीत आहे, पण एकटा रोजगार कमी झाला म्हणून कुणी ड्युटी देत नाही.

खरी गंमत दराच्या हिशेबात आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक रसायन किलोवर विकलं जातं. कच्चा माल, वीज, वाफ मिळून खर्च ९० रुपये. पगार, देखभाल, घसारा आणि भांडवलावरचा परतावा (डीजीटीआर साधारण २२ टक्के धरतं) असा जो ठरावीक बोजा आहे, तो कारखाना ८० टक्के क्षमतेवर चालत असताना किलोला २७ रुपये पडायचा. आज कारखाना ४५ टक्क्यांवर आलाय. बोजा तोच, किलो कमी, म्हणून तो झाला ४८. मालक म्हणतो, मला १३८ रुपये भाव मिळाला तरच परवडेल.

डीजीटीआर १३८ मान्य करत नाही. गेल्या काही वर्षांत तुम्ही सगळ्यात चांगली क्षमता आणि कच्च्या मालाचा सगळ्यात चांगला उतारा कधी गाठला होता, ते धरून ते 'इजा न करणारी किंमत' काढतात: ९० अधिक २७, म्हणजे ११७. आयात माल सीमाशुल्कासकट १०८ ला पडतोय. फरक ९ रुपये. डम्पिंगचा फरक वेगळा मोजतात, तो समजा २२ निघाला. आपल्याकडे या दोहोंपैकी जो कमी तेवढीच ड्युटी लागते. म्हणजे ९ रुपये.

आता ड्युटी लागल्यावर आयात माल ११७ ला आला. तुमचा प्लांट अजून ४५ टक्क्यांवरच असेल, तर तुम्हाला हवेत १३८. मध्ये २१ रुपयांचं भगदाड तसंच राहिलं. ते बुजवायचं तर ऑर्डरी परत आणून प्लांट भरायचा, त्यासाठी खेळतं भांडवल लागतं, आणि ते बँक देत नाही. ड्युटी मिळूनही कारखाने का बुडतात, त्याचं अर्धं उत्तर या २१ रुपयांत आहे.

ड्युटी लागूनही बंद पडलेला आपल्याकडचा कारखाना सांगा.

रसायनी. पनवेलजवळची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, लोकांच्या तोंडी 'एचओसी'. केंद्र सरकारची कंपनी, १९६० ची. रंग, औषधं, रबर, कीटकनाशकं अशा उद्योगांना लागणारी मूलभूत रसायनं देशातच व्हावीत म्हणून काढलेली. रसायनीत अ‍ॅनिलिन, नायट्रोबेंझिन, फॉर्मल्डिहाइड वगैरे, आणि केरळात कोचीजवळ फिनॉल आणि अ‍ॅसिटोन. कारखान्याबरोबर कॉलनी आली, शाळा आली.

फिनॉल आणि अ‍ॅसिटोनवर वेगवेगळ्या देशांविरुद्ध अँटी-डम्पिंग ड्युटी अनेकदा लागली. अर्जदारांमध्ये एचओसी होती, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली हर्डिलियाही होती. म्हणजे हत्यार वापरलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. तरी मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे तोट्यातले प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. एकच प्लांट वाचला, नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. रॉकेटच्या इंधनाबरोबर लागणारं हे रसायन इस्रोला हवं होतं, म्हणून तो प्लांट इस्रोकडे गेला. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायचं ठरलं आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती.

असं का झालं? १९९१ नंतर सीमाशुल्क उतरत गेलं आणि स्वस्त आयात आली, हे खरं. पण प्लांट जुने होते आणि जगाच्या मानाने लहान होते, हेही तितकंच खरं. कोचीच्या फिनॉल प्लांटची क्षमता वर्षाला ४० हजार टन. नोव्हेंबर २०१८ मध्ये गुजरातेत दहेजला दीपक फिनॉलिक्सचा प्लांट सुरू झाला तो दोन लाख टनांचा. ड्युटी परदेशी स्पर्धकाला अडवते. देशातला पाचपट मोठा स्पर्धक तिच्या सावलीत वाढला, तर त्याच्याविरुद्ध कुठे अर्ज करणार? वरच्या उदाहरणातला ११७ चा भाव त्यालाही मिळतो, आणि त्याचा खर्च कदाचित शंभरच्या आत असतो.

कोचीचा कारखाना टिकला, हेही सांगायला हवं. तेव्हा 'सरकारी म्हणून बुडाली' एवढ्यावर विषय संपवू नका.

परदेशात कुठे ड्युटीमुळे कारखाना खरंच वाचला का?

नेहमी दिलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन या मोटरसायकल कंपनीचं. एप्रिल १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या परदेशी मोटरसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं, पाच वर्षांत ते पायरीपायरीने उतरायचं होतं. मार्च १९८७ मध्ये कंपनीनेच सांगितलं, आता गरज नाही, मुदतीआधी काढून टाका. भाषणात वापरायला याहून चांगली गोष्ट सापडणार नाही.

मात्र दोन गोष्टी भाषणात येत नाहीत. जपानी कंपन्यांनी मर्यादेच्या जरा खालची इंजिनं बसवून ६९९ सीसीच्या गाड्या आणल्या आणि शुल्क चुकवलं, शिवाय होंडा आणि कावासाकीचे अमेरिकेतच कारखाने होते. म्हणजे भिंतीला भोकं होतीच. दुसरं, हार्लेने घर आवरायला १९८१ पासूनच सुरुवात केली होती. कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी ती एएमएफ या मालक कंपनीकडून विकत घेतली, साठा कमी केला, दर्जाची तपासणी कामगारांच्या हातात दिली. शुल्काने त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला, एवढं मान्य करू.

उलटं उदाहरण २०१८ चं. अमेरिकेने परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. मशीनचे भाव साधारण १२ टक्क्यांनी वाढले, आणि ज्यावर शुल्क नव्हतंच त्या ड्रायरचेही वाढले, कारण दोन्ही जोडीने विकली जातात. फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या, आणि ग्राहकांच्या खिशातून गेले ते नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर.

आमच्या कंपनीला ड्युटी मिळाली तर शेजारच्याचं नुकसान होतं, हे कसं?

पोलादाचं घ्या. पत्र्यावर सेफगार्ड लागली की आयात पत्रा महागतो आणि त्याच्या आडोशाने देशी पत्र्याचाही भाव वर सरकतो. चाकण-भोसरीत पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून ब्रॅकेट आणि कव्हर बनवणारे शेकडो लहान कारखाने आहेत. ज्यांना मोठी कंपनी स्वतः पत्रा पुरवते आणि फक्त जॉबवर्कचे पैसे देते, त्यांना फारसा फरक पडत नाही. जो स्वतः पत्रा विकत घेऊन वर्षभराच्या ठरलेल्या भावाने सुटे भाग देतो, तो मारला जातो. त्याच्या करारात भाववाढीचं कलम असतंच असं नाही, असलं तरी तिमाही उलटल्यावर पैसे मिळतात. आणि परदेशातून तोच तयार भाग कमी शुल्कात येत असेल तर त्याची दुहेरी कोंडी: कच्चा माल महाग, तयार माल स्वस्त.

पोलाद बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, पोलाद वापरणाऱ्या असंख्य. मोजक्यांना वकील आणि दिल्लीचं ऑफिस परवडतं. तपासात वापरकर्त्या उद्योगांनाही म्हणणं मांडता येतं, त्यासाठी प्रश्नावली असते. लहान कारखानदार ती भरतच नाहीत, आणि मग अधिसूचना आल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोंब मारतात.

क्यूसीओ, किमान आयात किंमत वगैरे ऐकतो, ते ड्युटीपेक्षा बरं का?

लवकर लागतं, म्हणून मालकांना आवडतं. क्यूसीओ म्हणजे बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा शिक्का असल्याशिवाय माल विकायचा नाही असा आदेश. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, आणि मुलांच्या सुरक्षेचं कारण तिथे पटण्यासारखं होतं. पण हाच आदेश धागा, रसायनं अशा कच्च्या मालावर लागला की परदेशी पुरवठादार शिक्का घ्यायच्या भानगडीत पडत नाही, माल यायचा थांबतो आणि देशातले दोन-तीन मोठे उत्पादक सांगतील तो भाव होतो. पॉलिएस्टर धाग्याच्या साखळीत नेमकी हीच ओरड होती. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने त्यातले बरेच आदेश मागे घेतले. किमान आयात किंमत म्हणजे त्यापेक्षा कमी भावाने माल आणायचा नाही असा आदेश. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती पोलादाच्या १७३ प्रकारांवर लावली होती, ती तात्पुरतीच असते.

बंदरं ठरवून देणं हाही एक प्रकार. बांगलादेशचे तयार कपडे आपल्याकडे शुल्काविना येतात. मे २०२५ मध्ये सरकारने ते जमिनीवरच्या नाक्यांवरून आणायला बंदी केली, फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता बंदरं खुली ठेवली. शुल्क शून्यच, पण वाहतूक लांबली.

ड्युटीऐवजी सरकारने थेट पैसे दिले तर?

काही धंद्यांत तेच जास्त कामाचं असतं. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आठवा: १९५४ ची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली, देशाचं पेनिसिलिन बनवणारी. पुढे चीनचं पेनिसिलिन-जी इतकं स्वस्त झालं की पिंपरीसकट देशातल्या सगळ्यांनी ते बनवणं सोडलं. कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले. त्या वेळी औषध कंपन्यांना स्वस्त कच्चा माल हवाच होता, त्यामुळे कडक ड्युटीसाठी फारसं कुणी भांडलं नाही.

२०२० मध्ये सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटींची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली. पेनिसिलिन-जी पुन्हा देशात बनायला लागलं, पण आंध्रात काकीनाडाला, अरबिंदो समूहाच्या नव्या प्लांटमध्ये. देशाच्या हिशेबात काम फत्ते. पिंपरीच्या फर्मेंटरवर उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. 'उद्योग वाचवा' आणि 'हा कारखाना वाचवा' या मागण्या मोर्चात एकाच फलकावर लिहिल्या जातात, दिल्लीत त्यांच्या फायली वेगळ्या असतात.

युनियन स्वतः अर्ज करू शकते का?

अमेरिकेत करू शकते. तिथली पोलाद कामगार संघटना डम्पिंगविरुद्धच्या अर्जांवर वर्षानुवर्षं सह्या करत आली आहे. आपल्या नियमांत अर्ज देशी उत्पादकांनी किंवा त्यांच्या वतीने करायचा असतो. संबंधित पक्षांच्या व्याख्येत निर्यातदार, आयातदार, उत्पादक, त्यांच्या संघटना, परदेशी सरकार हे सगळे आहेत, कामगार संघटना नाही. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. रोजगाराचा आकडा इजेचा पुरावा म्हणून चालतो, आणि ज्याचा रोजगार जातो त्याला खुर्ची नाही, हे काही बरोबर नाही.

तोवर युनियनने दुसरं काम करावं: व्यवस्थापन अर्ज करणार असेल तर आपला पाठिंबा फुकट देऊ नये. ड्युटीच्या मुदतीत कामगार कपात नाही, मशिनरीवर अमुक गुंतवणूक, थकबाकीचे हप्ते, असं लेखी करारात मागावं. सरकार अँटी-डम्पिंग ड्युटी देताना अशी कुठलीही अट घालत नाही.

कंपनीने टाळं लावायचं ठरवलंच तर कामगारांच्या हातात काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. ३०० किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर ९० दिवस आधी सरकारकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो. आधीच्या कायद्यात ही मर्यादा १०० होती, म्हणजे मधल्या आकाराच्या बऱ्याच कंपन्या आता परवानगीतून सुटल्या. सरकारने ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, म्हणून अर्ज दिसला की हरकत लगेच नोंदवा.

भरपाई पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. 'अटळ कारणांमुळे बंद' असं दाखवून भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर आणायचा प्रयत्न होतो. आर्थिक अडचण किंवा न विकलेला माल पडून राहणं ही कायद्याच्या दृष्टीने अटळ कारणं नाहीत, म्हणजे "आयातीमुळे तोटा झाला" हे कारण तिथे चालत नाही.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम विक्रीच्या मालमत्तेत धरत नाहीत, ती बाजूला राहते. शेवटच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात. मात्र दावा मुदतीत दाखल करावा लागतो, त्यासाठी पगारपत्रकं, हजेरी, नेमणूकपत्रं जपून ठेवा. कंपनीचा सर्व्हर बंद झाल्यावर ती मिळत नाहीत.

आम्ही चीनच्या मालावर ड्युटी लावली तर ते आपल्या निर्यातीवर लावतील का?

नियमात बसणाऱ्या अँटी-डम्पिंगवर सहसा सूड उगवला जात नाही, कारण सगळेच देश ते वापरतात. मोठ्या राजकीय शुल्कांची गोष्ट निराळी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क नेलं, तेव्हा अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिन्यांच्या कारागिरांना शुल्काची दुसरी बाजू कळली. तिथेही कुठल्यातरी अमेरिकन गावाचं भलं होईल असंच सांगितलं होतं.

अर्ज करायचा की नाही हे ठरवायला आधी काय तपासायचं?

आठ आकडी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा वस्तूचा कोड. तुमची वस्तू स्वतंत्र कोडखाली येते की 'इतर' या गठ्ठ्यात? गठ्ठ्यात असेल तर आयातीचा खरा आकडा काढायला व्यवहारनिहाय नोंदी मागवाव्या लागतात. मग देशनिहाय वाटा: एखाद्या देशाचा वाटा एकूण आयातीच्या तीन टक्क्यांहून कमी असेल, किंवा डम्पिंगचा फरक दोन टक्क्यांच्या आत असेल, तर त्या देशाविरुद्ध तपास टिकत नाही.

त्यानंतर गेल्या चार वर्षांचे खर्चपत्रक काढा आणि आयात वाढायच्या आधीचं वर्ष नीट बघा. त्या वर्षीही तोटाच असेल, तर डीजीटीआर ते पहिल्या बैठकीत विचारणार. वीजबिल, व्याज, जुन्या बॉयलरचं इंधन, मालकाच्या दुसऱ्या कंपनीला उधार दिलेले पैसे, यातलं काय आयातीच्या नावावर खपवलं जातंय ते तिथेच दिसतं. कॉस्ट अकाउंटंट चांगला असेल तर हे काम पंधरवड्यात होतं. त्याची फी द्यायला मालक कुरकुर करत असेल, तर युनियनने वर्गणी काढून ताळेबंद तरी एखाद्या जाणकाराला दाखवावा. नोंदणीकृत कंपनीचा ताळेबंद केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर थोडी फी भरून कुणालाही मिळतो.